पाकटाच्या पोटातला पुरावा



खाडीत कोण कोणाला खातं, हा प्रश्न प्राणिशास्त्राच्या तासाला शोभणारा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर कायदे होतात, सरकारी धोरणं ठरतात आणि एखाद्या प्राण्याची कत्तलही पुण्यकर्म म्हणून खपवली जाते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात २००७ नंतरच्या दशकात हेच घडलं. तिथल्या एका पाकटावर आरोप आला की त्याने कालवं आणि स्कॅलप नावाचे शिंपले खाऊन संपवले. आरोप नामांकित शास्त्रज्ञांनी केला होता, अग्रगण्य नियतकालिकात केला होता आणि सद्‌हेतूने केला होता. तरीही त्याचा मोठा भाग टिकला नाही. तो का टिकला नाही, हे आज मला सविस्तर मांडायचं आहे. ‘अमुक प्राणी तमुक प्राण्याला खातो’ हे सिद्ध केलं की ‘अमुकामुळे तमुक संपला’ हेही सिद्ध झालं, असं आपण फार सहज धरून चालतो. ह्या दोन विधानांमध्ये बरंच अंतर आहे. काय खाल्लं, कधी खाल्लं, किती जणांनी खाल्लं आणि खाण्याआधी तिथे किती शिल्लक होतं, हे मोजल्याशिवाय ते अंतर कापता येत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी जागा आणि प्राणी यांची ओळख करून घेऊ. चेसापीक हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं नदीमुख. सस्क्वेहाना, पोटोमॅक, रॅपाहॅनॉक, यॉर्क, जेम्स अशा नद्यांचं गोडं पाणी इथे अटलांटिकच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं. लांबी सुमारे ३२० किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. एवढ्या उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, समुद्रगवत वाढतं आणि गाळात शिंपल्यांच्या, किड्यांच्या, खेकड्यांच्या वसाहती होतात. दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास इथे काऊनोज रे नावाच्या पाकटांचे थवे येतात आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत परत जातात. हिवाळा ते फ्लोरिडाच्या किनाऱ्याला, केप कॅनाव्हेरलच्या परिसरात काढतात, हे अंगावर बसवलेल्या ध्वनिप्रक्षेपकांमुळे आता पक्कं कळलं आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की उन्हाळ्यात ज्या भागात पाकटाला खूण केली, पुढच्या उन्हाळ्यात तो बहुधा त्याच भागात परततो. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचा उपयोग आहे.

हा पाकट जेवतो कसा, तेही जरा जवळून पाहू. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पूर्ण वाढलेल्या पाकटाची रुंदी एक मीटरच्या आसपास भरते. तोंड खालच्या अंगाला असल्यामुळे जे खायचं ते त्याला डोळ्यांनी दिसतच नाही. डोक्याच्या पुढे दोन मांसल पाळी असतात, त्यांनी तो तळ चाचपत जातो. सर्व शार्क-पाकटांप्रमाणे त्याच्या कातडीतही विद्युतसंवेदी छिद्रं असतात, त्यामुळे गाळाखाली दडलेल्या जिवाच्या शरीरातला क्षीण विद्युतप्रवाह त्याला जाणवतो. जागा सापडली की तो तोंडातून पाण्याचे झोत मारतो, गाळ ढिला करतो, पंख आपटून तो बाजूला उडवतो आणि खड्डा करतो. मग शिंपला तोंडात ओढून घेतो. त्याचे दात टोकदार नसून फरसबंदीसारखे एकमेकांना चिकटून बसवलेले सपाट पाट असतात. जबडा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ पदार्थाचा, पण त्याच्या आत क्षारांनी कडक झालेले आडवे खांब असतात. अॅडम समर्स यांनी ही रचना २००० साली उलगडून दाखवली. त्यामुळे हाडाचा जबडा नसतानाही हा प्राणी कवच फोडतो, मांस गिळतो आणि कवचाचे तुकडे बरेचसे थुंकून टाकतो. मागे राहतो तो तळावरचा खड्डा. असे खड्डे समुद्रगवतात पडले की गवत मुळासकट उपटलं जातं. रॉबर्ट ऑर्थ यांनी १९७५ मध्ये चेसापीकमधल्या अशाच उद्‌ध्वस्त गवताची नोंद केली होती. तेव्हा हा पाकट निरुपद्रवी आहे, असा माझा दावा नाही. तो तळ उकरतो, कवचं फोडतो आणि थव्याने येतो.

आता आरोपाकडे वळू. ३० मार्च २००७ रोजी ‘सायन्स’मध्ये रॅन्सम मायर्स, ज्युलिया बॉम, चार्ल्स पीटरसन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यातली साखळी अशी होती. इतर शार्क, पाकट आणि पाकटासारखे दिसणारे स्केट यांना खाणाऱ्या मोठ्या शार्कच्या ११ जाती आधीच्या ३५ वर्षांत बेसुमार मासेमारीने घटल्या. त्यांचा धाक उरला नाही, म्हणून त्यांच्या भक्ष्यांपैकी १४ जातींतल्या १२ जाती वाढल्या. वाढलेल्यांत काऊनोज रे होता, त्याची संख्या चार कोटींच्या वर गेली असावी, आणि त्याच्या भुकेमुळे उत्तर कॅरोलिनातली शतकभर चाललेली स्कॅलपची मासेमारी बंद पडली. निबंध छापून यायच्या तीन दिवस आधी मायर्स यांचं निधन झालं. मोठ्या माशांचा ऱ्हास जगाच्या ध्यानात आणून देणारा तो फार मोठा माणूस होता, आणि त्यांच्या कामाबद्दलचा आदर मनात ठेवूनच मी पुढचं बोलतो आहे.

ही मांडणी लोकांना भावली, आणि ते समजण्यासारखं होतं. शार्क गेले, पाकट माजले, शिंपले संपले: तीन पायऱ्यांत समुद्राचं गणित शाळकरी मुलालाही कळतं. शार्कना वाचवू पाहणाऱ्यांना त्यात हवा तो युक्तिवाद मिळाला, कालवं पिकवणाऱ्यांना आपल्या नुकसानीचा धनी मिळाला आणि मासळी-व्यवसायाला नवा माल मिळाला. ‘सेव्ह द बे, ईट अ रे’ अशी घोषणा निघाली. पाकट खाल्ला म्हणजे उपसागर वाचवला, असा तिचा अर्थ. मेरीलँडमध्ये धनुष्यबाणाने पाकट मारण्याच्या स्पर्धा आधीपासून होत होत्या, त्यांना आता पर्यावरणाचं पाठबळ मिळालं. एरवी एकमेकांच्या विरोधात उभे असणारे पक्ष एकाच गोष्टीवर खूश झाले, की ती तपासायला कोणी उरत नाही. इथे तपासणाऱ्यांचं काम सगळ्यांत अवघड होऊन बसतं.

तपासणी झाली, पण नऊ वर्षांनी. २०१६ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचे डीन ग्रब्स आणि सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये साखळीची एकेक कडी हातात घेऊन पाहिली. त्यांचं उत्तर मला पटतं, आणि माझ्या मते त्यातला सर्वांत वजनदार भाग कालक्रमाचा आहे. कारण नेहमी परिणामाच्या आधी यायला हवं. चेसापीकच्या कालवांचा इतिहास चांगला नोंदलेला आहे. १८८४-८५ च्या हंगामात एकट्या मेरीलँडमध्ये सुमारे दीड कोटी बुशेल कालवं काढली गेली. लोखंडी फणी ओढून तळ खरवडण्याची ती पद्धत होती. तिने जिवंत कालवं तर नेलीच, पण कालवांच्या पिढ्यांनी एकमेकांच्या पाठीवर वाढून उभारलेले खडकही मोडले. कालवाचं पिल्लू बसतं ते बहुतेक जुन्या कवचावर. खडक मोडला की पुढच्या पिढीला बसायला जागाच उरत नाही, आणि सपाट झालेला तळ गाळाखाली जातो. त्यावर शेतांतून वाहून येणाऱ्या मातीचा आणि खताचा मारा झाला. १९४९ मध्ये इथे डर्मो हा परजीवी नोंदला गेला आणि १९५९ मध्ये एमएसएक्स हा दुसरा. हे दोन्ही रोग माणसाला काही करत नाहीत, पण कालवांचे ताटवेच्या ताटवे मारतात. रॉजर न्यूवेल यांनी १९८८ मध्ये हिशोब मांडला होता की एकोणिसाव्या शतकातली कालवं सगळ्या उपसागराचं पाणी काही दिवसांत गाळून काढत असतील, तर उरलेल्यांना त्याच कामाला वर्षाच्या आसपास लागेल. पाकट वाढले असं ज्या काळाबद्दल सांगितलं जातं, तो काळ ह्या सगळ्याच्या नंतरचा आहे. चोरी होऊन गेल्यावर गावात आलेल्याला चोर कसं म्हणायचं?

स्कॅलपचीही तीच गत. व्हर्जिनियाच्या अटलांटिककाठच्या खाजणांतले स्कॅलप १९३० च्या दशकात नाहीसे झाले. समुद्रगवतावर रोग पडला, १९३३ च्या वादळाने उरलंसुरलं गवत नेलं, आणि गवताच्या पात्यांना चिकटून वाढणारी स्कॅलपची पिल्लं निराधार झाली. उत्तर कॅरोलिनात तर १९८७-८८ च्या हिवाळ्यात, एरवी मेक्सिकोच्या आखातात दिसणारं विषारी शैवाल गल्फ स्ट्रीमच्या प्रवाहाबरोबर वर आलं आणि त्याने स्कॅलप मोठ्या प्रमाणावर मारले. हा स्कॅलप जेमतेम दीड-दोन वर्षं जगतो. एखाद्या वर्षीची वीण फसली की पुढच्या वर्षी वीण द्यायला जुनी पिढी हाताशी नसते. इतक्या आखूड आयुष्याच्या प्राण्याला एकच वाईट हिवाळा पुरतो.

इथे मायर्स-पीटरसन यांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा पुढे ठेवणं माझं कर्तव्य आहे. पीटरसन आणि सहकाऱ्यांनी उत्तर कॅरोलिनात स्कॅलपच्या ताटव्यांभोवती खांब रोवले. दोन खांबांमधलं अंतर असं ठेवलं की लहान मासे आणि खेकडे आत-बाहेर करू शकतील, पण पाकटाचे पंख अडतील. शरद ऋतूत थवे दक्षिणेकडे निघून गेल्यावर पाहिलं, तर खांबांच्या आतले स्कॅलप बरेचसे शाबूत होते आणि बाहेरचे जवळजवळ साफ झाले होते. हा प्रयोग देखणा आहे. त्याने एक गोष्ट निर्विवाद दाखवली: त्या ताटव्यांतले स्कॅलप पाकटांनीच खाल्ले. आणि ते वीण पूर्ण व्हायच्या आत खाल्ले गेले असतील, तर पुढच्या पिढीला फटका बसणारच. मग मी आरोप टिकला नाही असं का म्हणतो? प्रयोगाने ताटव्यापुरतं सिद्ध केलं ते निबंधाने सगळ्या किनाऱ्याला आणि सगळ्या शतकाला लावलं, म्हणून. शैवालाने स्कॅलप आधीच विरळ केले असतील, तर उरलेले दाट ताटवे भुकेल्या थव्याच्या नजरेत भरणारच. अशा वेळी पाकट पुनरुज्जीवनाच्या वाटेत उभा राहू शकतो, हे मी मान्य करतो. पण सावरणाऱ्याला अडवणं वेगळं आणि मुळात पाडणं वेगळं. धोरण ठरवताना हा भेद फार महत्त्वाचा आहे. पहिल्या परिस्थितीत खांब रोवून भागतं, दुसरीत प्राणी मारायचा विचार सुरू होतो.

आता पोटाकडे येतो. पोटातलं अन्न तपासायची रीत जुनी आहे. प्रत्येक पोटात काय सापडलं ते ओळखायचं, त्याची संख्या आणि वजन घ्यायचं, आणि शंभर पोटांपैकी किती पोटांत ते आढळलं ते मोजायचं. ह्या तिन्ही मापांना एकत्र पाहावं लागतं, कारण एकट्याने प्रत्येक माप फसवतं. किडे संख्येने हजारो असून वजनाला नगण्य असतात, आणि एकाच पोटात सापडलेला एक भला मोठा खेकडा वजनाचा तराजू झुकवतो. पोट हे शेवटच्या जेवणापुरतं बोलतं, म्हणून अलीकडे त्याला स्नायूंतल्या नत्राच्या आणि कर्बाच्या समस्थानिकांची जोड देतात. जड नत्राचं प्रमाण अन्नसाखळीच्या दर पायरीला साधारण तीन-साडेतीन सहस्रांशांनी वाढतं, त्यावरून गेल्या काही महिन्यांत प्राणी कोणत्या पायरीवर जेवला ते कळतं. जोसेफ स्मिथ आणि जॉन मेरिनर यांनी १९८५ मध्ये दक्षिण चेसापीकमधल्या पाकटांचा आहार प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात वरचढ होते ते गाळात राहणारे पातळ कवचाचे शिंपले, मऊ-कवची क्लॅम आणि मॅकोमा. कालवं फारशी नव्हती. पुढे व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सच्या रॉबर्ट फिशर यांनी टाक्यांत पाकटांना वेगवेगळ्या आकारांची कालवं देऊन पाहिली. लहान, पातळ कालवं ते फोडतात. ती वाढून जाड झाली की जबड्याच्या फटीत मावत नाहीत आणि पाकट त्यांचा नाद सोडतो. फ्लोरिडाच्या शार्लट हार्बरमध्ये ह्याच जातीच्या आहारात शिंपल्यांबरोबर इवले कवचधारी प्राणी आणि नळीत राहणारे किडे मोठ्या प्रमाणात मिळाले. थोडक्यात, हा प्राणी कालवांचा खास वैरी नाही. ज्या तळावर जे मऊ, मुबलक आणि हाताशी असेल ते तो खातो.

ह्यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो वाजवी आहे. मघाशीच मी सांगितलं की पाकट कवच थुंकतो. मग पोटात कालवाचं कवच सापडलं नाही, ह्याला पुरावा कसं म्हणायचं? नुसत्या कवचावर भिस्त ठेवली तर हा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. पण मऊ-कवची क्लॅमचंही कवच तो थुंकतोच, तरी त्याचं मांस पोटांत ओळखू आलं. मऊ मांसावरून जाती ओळखण्यासाठी जनुकीय चाचणीची सोयही आता झाली आहे. शिवाय टाकीतल्या प्रयोगात पोटाचा प्रश्नच येत नाही, तिथे समोर ठेवलेलं खाल्लं की नाही ते डोळ्यांना दिसतं. तीन वेगळ्या वाटांनी गेल्यावर एकाच ठिकाणी पोचलो, तर ते ठिकाण खरं असण्याची शक्यता बरीच वाढते.

असाच आरोप अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बॅट रे ह्या दुसऱ्या पाकटावर कितीतरी आधी झाला होता. कॅलिफोर्नियात कालवं पिकवणाऱ्यांनी त्याच्यासाठी कुंपणं घातली, सापळे लावले. पुढे हम्बोल्ट बे इथल्या बॅट रेंची पोटं तपासली, आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेकडे, झिंगे, क्लॅम असं बरंच काही निघालं, कालवं मात्र हाताला लागली नाहीत. आणि त्यातले काही खेकडे स्वतः कालवं फोडून खाणारे होते. म्हणजे पिकवणाऱ्याने पाकट मारावा आणि नकळत कालवांच्या खऱ्या भक्षकाला अभय द्यावं, अशी ती व्यवस्था. अन्नजाळ्यात एकच धागा ओढला की काय सैल होईल आणि काय ताणलं जाईल, हे जाळं पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आता मायर्स यांच्या साखळीच्या वरच्या टोकाबद्दल थोडक्यात. मोठ्या शार्कच्या घटीचे आकडे बऱ्याच अंशी उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या, १९७२ पासून एकाच परिसरात चालत आलेल्या सर्वेक्षणावर उभे होते. इतर सर्वेक्षणांशी ताडून पाहिल्यावर घट तितकी प्रचंड दिसली नाही, आणि काही जाती तर सावरत असल्याचं दिसलं. शिवाय त्या मोठ्या शार्कच्या आहारात काऊनोज रे फार क्वचित आढळतो. भक्षकाच्या पोटात जो जवळजवळ नाही, तो भक्षक गेल्यामुळे माजला, असं कसं म्हणता येईल? आणि त्या १४ जातींत एकमेकांशी आहाराचं फारसं नातं नसलेले प्राणी एका दोरीत बांधले होते. स्केट दिसायला पाकटासारखा, पण तो अंडी घालतो, चिवट कवचातली, चार कोपऱ्यांना शिंगं असलेली. उत्तर अटलांटिकमधला लहान स्केट अर्ध्या मीटरच्या आसपास वाढतो आणि मुख्यतः बारीक कवचधारी प्राण्यांवर आणि किड्यांवर जगतो. तो वाढला म्हणून शिंपल्यांवर ताण येत नाही. चपटं शरीर सारखं असलं तरी पोट सारखं नसतं.

पाकटांच्या संख्येबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण कत्तलीचा सगळा डोलारा ‘माजले’ ह्या एका शब्दावर उभा होता. काऊनोज रेची मादी साधारण सात-आठ वर्षांची झाल्यावर वयात येते. ती अंडी घालत नाही. पिल्लू पोटात अकरा-बारा महिने वाढतं आणि एका वेळी बहुतेक एकच जन्मतं. उपसागरात शिरताना माद्या गाभण असतात, जून-जुलैमध्ये पिल्लं देतात आणि लगेच पुन्हा गाभण राहतात. आता साधा हिशोब करा. पिल्लांत निम्म्या माद्या धरल्या, तर एका मादीला आपली जागा घेणारी एक मुलगी द्यायला सरासरी दोन वर्षं लागतात, म्हणजे ती दहा वर्षांची होते तेव्हा. तेही एकही पिल्लू न मरता. खऱ्या समुद्रात पिल्लं मरतात, माद्या जाळ्यांत सापडतात. असा प्राणी दोन-तीन दशकांत कित्येक पटींनी फुगणं शरीरधर्माला परवडणारं नाही. मग सर्वेक्षणांत जास्त पाकट का दिसले? थव्याने फिरणारा प्राणी मोजणं अवघड असतं. एकाच ठिकाणी जाळं टाकलं तर एका वर्षी काहीच येत नाही आणि दुसऱ्या वर्षी शेकडो येतात. थवा जाळ्यात आला म्हणजे लोकसंख्या वाढली, असं होत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांचं भांडण चालू दे, पण ज्याने कर्ज काढून तळावर कालवांचं बी पसरलं आणि एका रात्रीत थव्याने ते फस्त केलं, त्याला आपण काय सांगणार? पुरावा पूर्ण होईपर्यंत सावधगिरी म्हणून पाकट कमी केले तर बिघडतं काय? ह्या माणसाचं नुकसान खरं आहे आणि त्याला हसण्यावारी नेणाऱ्याला ह्या विषयावर बोलायचा अधिकार नाही. पण सावधगिरी कोणत्या बाजूला झुकते, ते नीट पाहू. बी पिंजऱ्यात किंवा जाळीच्या पिशव्यांत वाढवलं, कवच जाड होईपर्यंत झाकून ठेवलं, की हा पाकट बाहेरच राहतो. आकाराची मर्यादा टाकीत दिसलीच आहे. त्याचा खर्च आहे, पण चूक झाली तर पुढच्या हंगामात ती सुधारता येते. उलट जून-जुलैत मारलेल्या मादीबरोबर तिच्या पोटातलं पिल्लूही जातं, आणि तिची जागा भरायला दशक लागतं. आणि पाकट आपापल्या ओळखीच्या भागात परततात, म्हणून एका नदीतला थवा संपला तर शेजारच्या नदीतला येऊन ती जागा भरेल, ह्याची खात्री नाही. एक चूक वर्षात निस्तरते, दुसरी पिढीत. अशा वेळी खरी सावधगिरी थांबण्याच्या बाजूलाच आहे. शिवाय एवढे पाकट मारून एक तरी कालव-खडक परत उभा राहिला असता का? रोग, गाळ आणि मोडलेले खडक होते तिथेच राहिले असते, आणि लोकांना मात्र काहीतरी केल्याचं समाधान मिळालं असतं. हे खोटं समाधान मला कत्तलीइतकंच घातक वाटतं, कारण त्यामुळे खडक बांधायला, नद्यांतली माती अडवायला लागणारा पैसा आणि धीर दुसरीकडे वळतो.

मेरीलँडच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये पाकट मारण्याच्या स्पर्धांवर मुदतीची बंदी घातली आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला पाकटाच्या मासेमारीचा व्यवस्थापन आराखडा करायला सांगितलं. २०१९ मध्ये बंदीची मुदत वाढवली. शार्कच्या बाजूने लढणाऱ्या काही मंडळींना वाटलं की ग्रब्स यांच्या निबंधाने त्यांच्या हातातलं शस्त्र गेलं. मला तसं वाटत नाही. शार्क उशिरा वयात येतात, थोडी पिल्लं देतात आणि त्यांची मासेमारी त्यांना झेपत नाही, एवढं कारण त्यांच्या रक्षणाला पुरेसं आहे. त्यांच्या बचावासाठी दुसऱ्या, तितक्याच हळू वाढणाऱ्या प्राण्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागत असेल, तर तो बचाव आपल्याच पायावर कुऱ्हाड मारणारा आहे.

हे सगळं आपल्यासमोर मांडण्याचं एक कारण आपल्या किनाऱ्यावरही आहे. अरबी समुद्रात ह्याच वंशातली ऱ्हिनोप्टेरा जवानिका ही जात आहे. तीही थव्याने फिरते, थोडी पिल्लं देते आणि मासेमारीच्या जाळ्यांत सापडते. बंदरावर ती इतर पाकटांच्या राशीत मिसळून जाते. कोकणातल्या खाड्यांत तिसऱ्या आणि कालवं काढून संसार चालवणाऱ्या बायका आहेत, आणि त्या खाड्यांना वाळूउपशाचा आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा त्रास आहे. उद्या एखाद्या खाडीत तिसऱ्या कमी झाल्या आणि कोणी पाकटाकडे बोट दाखवलं, तर उत्तर देण्यासाठी आपल्याकडे काय असेल? चेसापीकला निदान पोटांच्या नोंदी होत्या, १८८० पासूनचे कालवांचे आकडे होते, म्हणून आरोप तपासता आला. आपल्याला ते काम आत्ता, आरोप होण्याआधी करायला हवं. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. बंदरावर उतरलेल्या पाकटाची जात, लिंग, पंखांची रुंदी, जाळं कोणत्या खाडीच्या तोंडाशी होतं, महिना कोणता, मादी गाभण होती का, आणि पोटात काय निघालं, एवढ्या सात गोष्टी लिहून ठेवायच्या. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी मच्छीमार सोसायट्यांच्या मदतीने हे करू शकतात. पाच वर्षांच्या नोंदी झाल्या, की त्यांच्या शेजारी त्याच खाड्यांतला तिसऱ्यांचा उतारा, पाण्यातला प्राणवायू आणि वाळूउपशाचे परवाने मांडता येतील. पावसाळ्याच्या महिन्यांसाठी वेगळा तक्ता लागेल, कारण तेव्हा खाडीचं पाणी गोडं होतं, यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पाकट त्या दिवसांत कुठे जेवतो हे बंदरावरून कळणार नाही. त्यासाठी खाडीत हातजाळी टाकणाऱ्यांनाच सोबत घ्यावं लागेल.